अंगठ्याएवढा खळगा

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शांतपणे बोलावे अशी तुमची अपेक्षा असते. आज ती माझ्याकडून पुरी होणार नाही. मी सिसिली बेटावरच्या एका कोळ्यांच्या गावातला खांब आहे. माझे वय अडीच हजार वर्षांचे, पण वैताग अगदी ताजा आहे.

माझा जन्म गावामागच्या चुनखडीच्या खाणीत झाला. ग्रीकांनी माझे सहा गोल तुकडे कापले, मधोमध लाकडी खुंटी ठोकून ते एकावर एक रचले आणि माझ्या अंगावर वीस पन्हळी कोरल्या. तेव्हा मी अथेना देवीच्या देवळात होतो. पहिल्याच वसंतात एक कोळीण माझ्यापाशी आली. तिच्या नवऱ्याची होडी ट्यूना माशांच्या मोसमाला निघाली होती. तिने अंगठा तेलात बुडवला, माझ्या अंगावर दाबला आणि समुद्राकडे पाहिले. होडी परतली. पुढच्या वसंतात गावातल्या सगळ्याच बायका आल्या.

त्यानंतर रोमन आले. त्यांनी सत्ता घेतली आणि मुलांना शिकवायला मात्र ग्रीक पंतोजी ठेवले. बायका येतच राहिल्या. पुढे माझ्या दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहिल्या, देवळाचे चर्च झाले, देवीच्या जागी मारिया माता आली. बायकांनी नाव बदलले. अंगठा तोच ठेवला. थेंबाथेंबाने माझ्या अंगात एक गुळगुळीत खळगा पडला. एवढ्या आयुष्यात माझे स्वतःचे म्हणावे असे तेवढेच काही होते.

आणि गेल्या मे महिन्यात प्रोफेसर कालोजेरो पाटी घेऊन आले. निवृत्त इतिहासशिक्षक (इकडे शाळामास्तरांनाही प्रोफेसरच म्हणतात), गावाचेच. पाटीवर सुबक अक्षरांत कोरले होते: ग्रीक संस्कृती, आरंभ इ. स. पू. ८००, अंत इ. स. पू. १४६. रोमन संस्कृती, आरंभ इ. स. पू. ७५३, अंत इ. स. ४७६.

अंत! मित्रांनो, ४७६ साली मी इथेच उभा होतो. त्या वर्षी मासळी भरपूर आली. काही संपले आहे असे मला कोणीही कळवले नाही. उलट साठ वर्षांनी पूर्वेच्या सम्राटाचे ग्रीक बोलणारे शिपाई बंदरात उतरले आणि स्वतःला रोमन म्हणवू लागले! आता यांना मी कोणत्या रकान्यात बसवू?

प्रोफेसरांना असे प्रश्न पडत नसत. त्यांनी गवंड्याला हुकूम सोडला, “मास्त्रो व्हितो, पाटीच्या आधी हा खड्डा बुजवा. खांब मुळात होता तसा दिसला पाहिजे. ४७६ नंतरची सगळी नुसती झीज आहे.”

“झीज कोणत्या सालची, ते दगडानं सांगितलं वाटतं तुम्हाला?”

“तुम्ही चुना कालवा. इतिहास मी बघतो.”

व्हितोने थापीभर चुना माझ्या खळग्यात भरला. अडीच हजार वर्षे मी ओरडलो नव्हतो. त्या सकाळी घसा असता तर ओरडलो असतो. कारण मोसमाचा पहिलाच दिवस होता, आणि फिलिप्पा कोळीण तेलाची वाटी घेऊन दारातून आत येत होती. सात वर्षांपूर्वी ती तापाने पडली आणि माझ्यापाशी येऊ शकली नाही. त्याच मोसमात तिचा थोरला मुलगा बुडाला. आज धाकटा नेद्दू प्रथमच होडी घेऊन जात होता.

तिने अंगठा तेलात बुडवला, हात पुढे केला आणि थबकली.

“व्हितो, मेल्या, खळगा कुठाय?”

“मला काय विचारता? प्रोफेसरांना विचारा. रोम संपलंय म्हणे.”

“कधी?”

“चारशे शहात्तरला.”

“मग मला आज कशाला सांगतोस? माझं पोर धक्क्यावर उभं आहे. हो बाजूला!”

“फिलिप्पाकाकी, चुना ओला आहे!” प्रोफेसर आडवे आले. “अहो, हे जुनं खूळ आहे. याची नोंद कुठल्याच ग्रंथात नाही.”

“कालो, तू शिकायला पालेर्मोला निघालास ना, त्या सकाळी तुझी आई इथं आली होती. तू होडीनं नाही, बसनं चालला होतास. तरी आली होती. तिची नोंद कर कुठेतरी.”

प्रोफेसर बाजूला झाले. फिलिप्पाने ओल्या चुन्यात अंगठा दाबला, उघड्या दारातून समुद्राकडे पाहिले आणि धावतच धक्क्याकडे गेली.

व्हितोने ठसा सपाट करायला थापी उचलली. प्रोफेसरांनी त्याचे मनगट धरले.

“राहू द्या.”

“आणि पाटी? लावू का?”

प्रोफेसरांनी पाटीवरच्या शेवटच्या आकड्यावरून बोट फिरवले. “आधी चुना वाळू दे,” ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, सनावळ्या जरूर पाठ करा. परीक्षेत त्या लागतात. पण ‘अंत’ हा शब्द लिहिण्याआधी एकदा बाहेर येऊन पाहा, कोणी तेलाची वाटी घेऊन दाराशी उभे तर नाही ना. आणि आमच्यासारख्यांची निगा राखताना आमच्या अंगावरचे माणसांचे हात पुसून टाकू नका.

संध्याकाळी नेद्दूची होडी परतली. चुना केव्हाच वाळला आहे. पाटी अजून कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी आहे. नवा खळगा फार उथळ आहे. पण मोसम पुष्कळ यायचे आहेत, आणि मला कुठे जायचे आहे?