नव्या तुईंची डिकी

"ओळखत नाहीस ना ह्याला? मग हाण की! वाट कुणाची बघतोस?"

आदाउतो ओरडला आणि त्याने निवाल्दोच्या पाठीत गुडघा घातला. निवाल्दो तोंडावर आपटला. ओठ फुटला, आणि रक्ताला उसाच्या बांधाची लाल माती लागून हनुवटीवर चिखल झाला. कॅमेऱ्याचा आदाउतोच्या बुटाखाली आधीच चुरा झाला होता. त्याच्या भिंगाची हातभर लांब नळी सरीत घरंगळून पडली होती. जुरांदीर चार पावलांवर उभा होता, हातात चाकाचा पाना घेऊन. वाटेत गाडी थांबवावी लागली तर पाना घेऊनच उतरायचं, ही त्याची इतक्या वर्षांची सवय.

त्याच्यामागे नवी तुईं चालू इंजिनावर थरथरत होती. तुईं म्हणजे खरं तर इवलासा हिरवा पोपट. पण पेद्रालमध्ये तुईं म्हटलं की पोपट कुणाला आठवत नाही, गावच्या कारखान्यातली ती छोटी गाडी आठवते. आता तिचं रूप बदलणार होतं. नवी तुईं बाजारात यायच्या आधी तिला खड्ड्यांत आपटायची, धुळीत घुसमटवायची, तिचं काय काय मोडतं ते पाहायचं, हे जुरांदीरचं काम. आकार कळू नये म्हणून गाडीला काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचा कागद चिकटवलेला, आणि मागे राखणदारांची गाडी. तिच्यात शहरातून पाठवलेला आदाउतो. गावात नवा, आणि मारायला हपापलेला.

"बोल, रस्ता कुणी सांगितला?" आदाउतोने निवाल्दोचे केस धरून मान वर केली. "वर्षात दोनदा दुसऱ्या गाड्यांचे फोटो फुटलेत. आतला माणूस असल्याशिवाय होत नाही हे. हा ड्रायव्हर सांगतो ना तुला?"

निवाल्दोने जुरांदीरकडे पाहिलं. अगदी कोरं, बाजारात परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"हा? ह्याला मी आयुष्यात बघितला नाही."

"आणि तू, रे? शेवटचं विचारतो, ओळखतोस ह्याला?"

"नाही," जुरांदीर म्हणाला.

"मग झालं तर. उजवा हात. पुन्हा बटण दाबता येता कामा नये."

आदाउतोने निवाल्दोचा हात बांधाच्या दगडावर दाबून धरला. जुरांदीरला पाना खाली टाकता आला असता. मारल्यासारखं करून माती उडवता आली असती. पण आदाउतो पान्याकडे नव्हे, त्याच्या डोळ्यांकडे पाहत होता, आणि त्या नजरेत त्याला कारखान्याचं बंद झालेलं फाटक दिसलं. त्याने पाना उचलला आणि हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला, ऊस सोलताना होतो तसा. निवाल्दो ओरडला नाही. तोंड गच्च मिटून नाकातून घोड्यासारखा फुरफुरला. जुरांदीरने पुन्हा हाणला. दुसऱ्यांदा मारायला त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

मग तो गाडीत बसला आणि चाचणी पुरी करायला निघून गेला.

*

आता निवाल्दो कोण, ते सांगायला हवं. निवाल्दो जुरांदीरचा कोंपाद्रे. म्हणजे जुरांदीरच्या एकुलत्या एका लेकीला, इव्होनेतेला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेणारा तिचा धर्मबाप. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या नात्यावर ताण करतं. भाऊ नशिबाने मिळतो, कोंपाद्रे आपण निवडतो. आणि एकदा डोक्यावर पाणी पडलं की त्या दोघांची एकमेकांपुरती नावं संपली. मग नुसतं 'कोंपाद्रे'. भांडण झालं, दारू चढली, मयत झाली, तरी 'कोंपाद्रे'च. नाव घेणं म्हणजे नातं मोडणं.

निवाल्दो पूर्वी ह्याच कारखान्यात रंगखात्यात होता. रंगाने छाती खाल्ली, तेव्हा त्याला घरी बसवला. मग तो कॅमेरा घेऊन उसात बसायला लागला. बाजारात न आलेल्या गाड्यांचे चोरून फोटो काढायचे आणि मोटारींच्या मासिकांना द्यायचे. दर रविवारी तो जुरांदीरकडे जेवायला येई. इव्होनेते आता नर्स झालेली, चांगली तिशीला टेकलेली बाई. पण धर्मबाप दारात आला की हातातलं काम टाकून ती त्याचा उजवा हात धरायची, ओठांना लावायची आणि म्हणायची, "आशीर्वाद, धर्मबाप." तोही तोच हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणायचा, "देव तुझं भलं करो, पोरी." त्याशिवाय घासाला कुणी हात लावत नसे.

जुरांदीरने कामाबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही. बोलायचे ते त्याचे बूट. बायकोच्या धाकाने ते पायरीवर काढलेले असत, आणि निवाल्दो आत येताना जरा वाकून ते बघायचा. लाल धूळ असली तर दक्षिणेचा ऊस, पांढरी वाळू असली तर नदीकाठ. एका रविवारी जुरांदीरने त्याला वाकलेला पाहिला. त्यानंतर त्याने बूट झटकणं सोडून दिलं. दोघंही त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

त्या बुटांवरच विसंबून निवाल्दो त्या दिवशी तिथे बसला होता.

*

गावात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. दोना झेनाइदेच्या गुत्त्यात रोज संध्याकाळी नव्या तुईंची चिरफाड चालायची. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते इथे खरोखरीचं. नव्या तुईंचे दिवे गोल की लांबट, यावरून सुतार आणि पाववाला यांच्यात बाटल्या फुटल्या होत्या. पाववाल्याच्या भुवईवर टाके पडले, पण त्याने मत बदललं नाही.

सगळ्यांत जास्त जीव टांगला होता टॅक्सीवाल्या एरोनिदेसचा. त्याची जुनी तुईं गॅसवर चालायची आणि गॅसची टाकी अख्खी डिकी खायची. बस अड्ड्यावरचे उतारू आपल्या ट्रंका मांडीवर घेऊन बसायचे आणि त्याच्या आईचा उद्धार करायचे.

"डिकी मोठी करणार," तो टेबलावर मूठ आपटायचा. "करणारच. नाही केली तर कारखान्याला काडी लावीन."

"ह्याला विचार की," झेनाइदे जुरांदीरकडे बोट दाखवायची. "रोज तिच्यातच बसतो हा. ए मुक्या, बोलू नकोस, नुसता डोळा मिचकाव. मोठी आहे का रे?"

"त्याची बायको विचारते तरी सांगत नाही," कुणीतरी म्हणे, आणि सगळे हसत.

जुरांदीर बिअरच्या फेसात बघत बसायचा. त्याला ठाऊक होतं. नव्या गाडीचा मागचा फुगवटा म्हणजे निव्वळ फोम आणि फायबर होतं. वरून पट्ट्यांचा कागद लावलेलं ते एक खोटं कुबड. ते चिकटवताना त्याने स्वतः धरलं होतं. त्याच्याखाली गाडीची पाठ उतरती होती, आणि डिकी जुनीपेक्षाही लहान. पण बोलला असता तर नोकरी जाणार. त्याने तोंडात मूग धरले.

उसातल्या त्या दिवसानंतर महिनाभराने मासिक आलं. मुखपृष्ठावर धुळीच्या लोटातून येणारी नवी तुईं आणि तिचं ते मागचं कुबड. आदाउतो पोहोचायच्या आत निवाल्दोने कॅमेऱ्यातलं नखाएवढं कार्ड काढून जिभेखाली घातलं होतं. पान्याचे दोन्ही घाव त्याने ते तोंडात धरूनच सोसले होते. मथळा होता: 'नव्या तुईंची डिकी दुप्पट?' प्रश्नचिन्ह कुणी वाचलंच नाही.

त्या रात्री एरोनिदेस टेबलावर चढून नाचला. निवाल्दोला त्याने खांद्यावर घेतला. निवाल्दोच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

"हात कसा रे मोडला?" झेनाइदेने विचारलं.

"ऊस तोडायच्या मशीनमध्ये गेला," निवाल्दो म्हणाला.

जुरांदीर दारातच उभा होता. निवाल्दोने त्याच्याकडे पाहिलं नाही. रविवारी जेवायला येणंही त्याने बंद केलं होतं. इव्होनेते विचारून विचारून थकली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात साहेबांनी जुरांदीरला बोलावलं. मासिक टेबलावर होतं. आता फाटक दाखवतात, असं धरून तो गेला.

"छान आलाय फोटो," साहेब म्हणाले. "दुसऱ्या कंपनीवाले ह्या डिकीच्या धसक्याने त्यांची गाडी बदलायला बसलेत म्हणे. पण काय हो, त्या माणसाला तुम्ही फार मारलंत म्हणतात? पुढच्या वेळी एवढं नको. नुसतं हुसकायचं. तो मागचा भाग लोकांनी बघावा म्हणूनच तर लावला होता."

जुरांदीर शेडमध्ये आला. तसल्याच खोट्या कुबडाचे दोन-तीन साचे भिंतीला टेकवून ठेवले होते. त्याने पहिल्यावर लाथ घातली. मग दुसऱ्यावर. फायबर फुटून त्याच्या पोटरीत घुसलं तरी तो लाथा घालत राहिला. शेवटी दोघांनी त्याला कमरेला धरून बाहेर ओढलं. पाय गुडघ्यापर्यंत रक्ताने भरला होता. त्या रक्ताने काहीही फिटणार नव्हतं, हे त्यालाही समजत होतं.

*

नवी तुईं बाहेर आली ती काही महिन्यांनी, एका शनिवारी भर दुपारी, चौकातल्या दुकानाच्या पटांगणात. सॉसेज भाजत होते, बँड वाजत होता, गाडी लाल कापडाखाली. एरोनिदेसने आपली गॅसची टाकी हातगाडीवर घालून आणली होती. डिकी उघडली की आधी तीच ठेवून दाखवणार, असं तो आठवडाभर सांगत होता. नोंदणीत पहिलं नाव त्याचं. फोटो पाहून त्याने हाताशी आलेली दुसरी मोठी गाडी नाकारली होती, आणि ती घेणाऱ्या दुसऱ्या टॅक्सीवाल्याने अड्ड्यावरची त्याची जागाही पटकावली होती.

कापड निघालं. टाळ्या पडल्या, आणि मध्येच विरल्या.

गाडीची पाठ उतरत उतरत जमिनीकडे गेली होती. कुबड कुठेच नव्हतं.

एरोनिदेसने डिकी उघडली, टाकी उचलली आणि आत घालायला गेला. ती शिरेना. आडवी घातली, तिरकी घातली. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्याने टाकी फरशीवर आदळली, तसा बँड थांबला. मग तो वळला आणि गर्दीत निवाल्दो दिसताच त्याच्यावर धावून गेला.

"दुप्पट डिकी! भडव्या, किती खाल्लेस त्यांचे?"

पहिली बुक्की कानशिलावर बसली. निवाल्दोने तोंड झाकायला हात वर केले, पण उजव्या हाताची बोटं उघडेनात. त्या आखडलेल्या बोटांच्या फटीतून दुसरी बुक्की सरळ डोळ्यावर आली. तो खाली पडला. पाववाल्याने लाथ घातली, सुतारानेही घातली. दोघांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. निवाल्दो आपली दुखरी छाती गुडघ्यांत धरून खोकत होता आणि लाथा पडतच होत्या.

"सोडा त्याला! तो खोटं बोलला नाही!"

जुरांदीर ओरडला होता. त्याचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता, म्हणूनच माणसं थांबली.

"त्याला दिसलं ते त्याने टिपलं. ते कुबड फोमचं होतं. मी चिकटवलंय ते, ह्या हातांनी. रोज घेऊन फिरत होतो."

एरोनिदेस सावकाश त्याच्याकडे आला.

"तुला ठाऊक होतं? आमच्यात बसून बिअर पीत होतास, तेव्हा?"

"होतं."

"मी टेबलावर नाचलो, तेव्हा?"

"तेव्हाही. आणि त्याचा हात मशीनमध्ये नाही गेला. मी मोडला. पान्याने. तो म्हणाला, मी ह्याला ओळखत नाही, माझी नोकरी वाचावी म्हणून. आणि मी मोडला. दोनदा हाणला."

एरोनिदेसने कपाळाने त्याच्या नाकावर धडक मारली. जुरांदीरने हात वर केले नाहीत. मग जे निवाल्दोवर चालू होतं ते त्याच्यावर सुरू झालं, उलट जास्तच, कारण आता लाज वाटलेली माणसं मारत होती. त्याचा एक दात फरशीवर पडला. कुणीतरी त्याच्या बरगडीवर टाच दिली. दोना झेनाइदेने बिअर गार करायची बर्फाची बादली त्या घोळक्यावर उलटी केली, तेव्हा कुठे सगळे शिव्या देत मागे सरकले.

इव्होनेते दवाखान्याच्या कपड्यांतच धावत आली. गर्दीने तिला वाट दिली, आणि वाट देता देता दोघातिघांनी तिला सगळं सांगितलंही. ती बापाशी थांबली नाही. आधी निवाल्दोपाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि सवयीने त्याचा उजवा हात हातात घेतला. बोटं आत वळून घट्ट झाली होती. कशी तरी जोडलेली हाडं कातडीखाली वेडीवाकडी दिसत होती. तिने ती उघडायचा प्रयत्न केला नाही. ती मूठ तशीच ओठांना लावली.

"आशीर्वाद, धर्मबाप."

"देव तुझं भलं करो, पोरी," निवाल्दो म्हणाला आणि ती मूठ तिच्या डोक्यावर ठेवायला गेला. हात तिथवर पोहोचेना, तेव्हा तिनेच डोकं खाली आणलं.

मग तो तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठला आणि लंगडत जुरांदीरपाशी आला. जुरांदीर नव्या गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. नाकातून धार लागली होती आणि डोळे निवाल्दोच्या तोंडाकडे लागले होते. त्याला एकच शब्द ऐकायचा होता. निवाल्दोने डाव्या हाताने खिशातून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला.

"जुरांदीर," तो म्हणाला, "डोकं खाली घाल. रक्त गिळू नकोस."

इव्होनेतेने चमकून वर पाहिलं. धर्मबापाच्या तोंडी बापाचं नाव तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

जुरांदीरने रुमाल घेतला आणि डोकं खाली घातलं.