पट्ट्यांची बाटली आणि मी

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. अंग पितळेचे, झाकण फिरवून घट्ट बसणारे. आडवा केला तरी माझ्यातून थेंब सांडत नाही. कमळाबाई लग्न होऊन रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला आल्या, तेव्हा मी त्यांच्या रुखवतात होतो. परगावी जाताना त्या मला घरच्या विहिरीच्या पाण्याने भरत आणि पोचल्यावर आधी त्यातले दोन घोट घेत. मग नवे पाणी बाधत नाही, अशी त्यांची श्रद्धा. परतल्यावर कोकमाच्या चोथ्याने मला घासत. मला मानाची तशी सवयच होती.

यंदा त्यांचा मुलगा अजिंक्य सर्वांना वाघ दाखवायला चंद्रपूरकडच्या जंगलातल्या एका लॉजवर घेऊन गेला. तेथे प्लॅस्टिकला मनाई होती, म्हणून पाहुण्यांना स्टीलची एकेक बाटली भेट मिळाली. तिच्यावर वाघाचे पट्टे रंगवलेले होते. नात मनस्वी तर ती उशाशी घेऊन झोपली. माझ्या अंगावरचे पोचे निदान खरे होते. हिचे पट्टेसुद्धा उसने!

“आजी, हात लाव, बघ कशी गार आहे.”

“असू दे गो. माझ्याकडे आपल्या बावीचं पाणी आहे.”

मी सुखावलो. सकाळी जिप्सीत चढताना अजिंक्य हसला. “आई, तांब्या कशाला? वाघाला अभिषेक घालणार आहेस?”

“घालीन. तू आपला कॅमेरा सांभाळ.”

उघड्या गाडीत आम्ही लाल धुळीने माखलो. पाणवठ्याजवळ गवतातून वाघीण निघाली आणि अगदी पुढून रस्ता ओलांडू लागली. सगळ्यांचे हात कॅमेऱ्यांकडे गेले. कमळाबाईंनी मात्र मला दोन्ही हातांनी पोटाशी धरले. बाटली पायाशी लवंडलेली होती. खरे सांगतो, वाघिणीकडे माझे लक्षच नव्हते.

वाघीण गेली. कमळाबाईंच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी झाकण फिरवले, ते हलेना. आट्यांत धूळ शिरली होती. अजिंक्यनेही जोर लावून पाहिला. तेवढ्यात मनस्वीने बाटली उघडली.

“पी गो आजी. बघू कसं बाधतं ते.”

त्या प्यायल्या. क्षणभर थांबून म्हणाल्या, “बरं आहे की.” आणि पुन्हा प्यायल्या.

पुढच्या फेरीला मी खोलीतच राहिलो.

निघण्याच्या दिवशी व्यवस्थापक म्हणाले, “आजी, हा तांब्या आमच्या दर्शनी मांडणीवर शोभून दिसेल.” कमळाबाईंनी मला उचलले, तशी त्यांच्या मनगटात कळ आली. त्यांनी पदराने माझे तोंड पुसले. “आता घरी तुला उचलणार कोण? इथं चारचौघांत राहशील.” त्यांना वाटले, तोच माझा मान. बाटली मनस्वीच्या खांद्याला लटकून रत्नागिरीला गेली.

नंतर पान्याने माझे झाकण उघडले गेले आणि विहिरीचे पाणी कुंडीत ओतले गेले. आता पाहुणे माझे फोटो काढतात, वाखाणतात. पाणी कोणी मागत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला मांडणीवर बसवू नका, वापरात ठेवा. आटे पुसून बोटभर खोबरेल लावले असते, तर माझे झाकण अडले नसते. तुमच्या घरी नवी बाटली असेल, तर तिलाही जपा, असे मी म्हणायला हवे. पण अजून माझे मन तेवढे मोठे झालेले नाही.