कागदाची मागची बाजू

संग्रामने चौकट जेवणाच्या टेबलावर पालथी घातली आणि स्क्रूड्रायव्हरने मागचे बारीक खिळे उचकटायला सुरुवात केली. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या हिवाळ्यात घर इतकं दमट होई, की ऊब देणारा हीट पंप दिवसभर चालू ठेवूनही काचेच्या आत बुरशीचा डाग उमटला होता. उद्या महाराष्ट्र मंडळातली माणसं जेवायला यायची होती. त्यांच्यासमोर घराण्याची पेशवेकालीन सनद अशी डागाळलेली दिसावी, हे त्याला सोसवत नव्हतं.

"सावकाश," मनाली ओट्यापाशी कांदा चिरता चिरता नवऱ्याला म्हणाली. "सरदारकी फाटायची."

संग्रामच्या आईला, शकुंतलाबाईंना, हसू आलं. लग्न होऊन आल्यापासून दर दसऱ्याला त्यांनी या कागदाला हळदकुंकू वाहिलं होतं, तेही पेटीच्या बंद झाकणावर. पेटी थोरल्या दिरांच्या ताब्यात, आणि बायकांनी तिला हात लावायचा नाही. गंमत अशी, की घरात मोडी वाचता येणाऱ्या त्या एकट्याच होत्या. साताऱ्याला त्यांचे वडील कचेरीत कारकून. हिवाळ्यात शेगडीपाशी बसवून त्यांनी लेकीकडून पाटीवर मोडी गिरवून घेतली होती. नवी सून असताना शकुंतलाबाई माहेरी पत्रं मोडीतच लिहीत, सासूबाईंना कळू नयेत म्हणून. दीर गेले, कागद संग्रामकडे आला आणि त्याने तो भिंतीवर इतका उंच टांगला, की महिन्याभरापूर्वी इथे आल्यापासून त्यांना त्यातलं एक अक्षर लागलं नव्हतं.

आता तो त्यांच्या पुढ्यात होता. इनाम कोणत्या गावचं ते आधी बघून ठेव, म्हणजे उद्या सगळ्यांना वाचून दाखवता येईल, असं संग्राम सांगत होता. त्यांनी चष्मा सारखा केला आणि कागदाला न टेकवता बोट ओळीवरून नेलं.

तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. इतक्या वर्षांनी अक्षर दगा देत असेल, असं वाटून त्यांनी कागद दिव्याखाली सरकवला. अक्षर स्वच्छ होतं.

"इनाम नाही रे," त्या म्हणाल्या. "खरेदीखत आहे. म्हैस काळी, गाभण. कुणबीण सावळी, नाव साळी, उमर नऊ, गालावर तीळ. दुष्काळात चुलत्याने विकली. दोघी एकाच ओळीत आहेत."

मनालीची सुरी थांबली.

कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी, हे संग्रामला ठाऊक होतं. तो म्हणाला, की त्या काळी मोठ्या घरांतून ही रीतच होती, म्हणजे आपली तेवढी ऐपत होती. उद्या नुसता शिक्का आणि साल वाचलं तरी पुरे.

"नऊ वर्षांची होती," मनाली म्हणाली.

"मी कुठे विकत घेतली?"

शकुंतलाबाईंनी कागद उलटला. मागे दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं, घाईत खरडलेलं लिखाण होतं. त्या मनात वाचत गेल्या. खुर्चीचा हात धरून त्यांनी ते पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने.

"धन्यापासून साळीस झालेला लेक दत्तू. उभयतां मायलेकांस मोकळे केले. हा कागद त्यांचा त्यांस द्यावा."

घराण्याची वंशावळ दत्ताजीरावांपासून सुरू होई. त्यांच्या वडिलांचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. जुनी दप्तरं आगीत गेली, असं थोरले दीर सांगत. कागद विकत घेणाऱ्याचा नव्हताच. विकली गेली, तिचा होता.

"म्हणजे दत्ताजीराव..." संग्राम म्हणाला.

"लेकावळा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "कुणबिणीच्या पोटच्याला तेच म्हणत."

हा शब्द घरात याआधी उच्चारला गेला होता तो नीताच्या वेळी. त्यांच्या या थोरल्या लेकीने चंद्रहासशी लग्न ठरवलं होतं. दिरांनी चौकशी केली, तर त्याच्या कुळात लेकावळे निघाले. नकाराचा निरोप घेऊन संग्रामच गेला होता, नुकती मिसरूड फुटलेला. 'आमच्याकडे कागद आहे,' असं त्याने चंद्रहासच्या बापाला दारातच सुनावलं, हे पुढे कितीतरी वर्षं घरात कौतुकाने सांगितलं जाई. नीताने मग लग्नच केलं नाही. ती पुण्यात एकटी राहते. भावाला राखी मात्र न चुकता पाठवते.

संग्रामने कागद पुन्हा चौकटीत ठेवला, शिक्क्याची बाजू काचेकडे करून. एक खिळा बसवला. दुसरा बोटात धरला आणि तसाच बसून राहिला. मनालीने कढईखालचा गॅस बंद केला.

"आई," तो म्हणाला, मान वर न करता. "ताई आता घरी असेल का गं?"