पावावरचा अंगठा

कालोरिबच्या ख्रिस्ती मंडळीत निवडणुकीत मत द्यायला मनाई होती. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण त्या बेटावर जे लिहिलेलं नसतं तेच जास्त कडक पाळतात. मतदानाला गेलं की डाव्या अंगठ्याला शाई लागते, आणि ज्याच्या अंगठ्याला शाई त्यानं ती झिजेपर्यंत मागच्या बाकावर बसायचं, प्रभूच्या मेजावरच्या पावाला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत त्या बाकावर शिक्षेला असं कोणी बसलंच नव्हतं. त्याच्यावर छत्र्या आणि ओले टॉवेल पडलेले असत.

नियम केला होता कालोरिबच्या बापानं. आता मंडळीचा मुख्य कालोरिब, म्हणून तो सांभाळायचा त्यानं. आणि दर रविवारी मेजावर जो पाव मोडला जाई, तो भाजत असे त्याची बायको लेपाकोआ.

बुधवारी दुपारी तारोचे कंद सोलता सोलता लेपाकोआ म्हणाली, "मी उद्या शाळेत जाणार आहे."

कालोरिब अंगणात जाळं सांधत बसला होता. "शाळेत कशाला?"

"मत द्यायला."

त्याच्या हातातली सुई थांबली. "अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? आणि मतदाराचं कार्ड कुठाय तुझ्याकडे?"

"मार्चमध्येच काढलं. पिठाच्या डब्यात ठेवलंय."

"पिठाच्या डब्यात?"

"मग? तुम्ही कधी हात घालता का त्या डब्यात?"

कालोरिबनं जाळं बाजूला ठेवलं. सत्तरी ओलांडलेला, आवाज दांडगा, पण घरात तो आवाज फारसा चालत नसे. "हातावर सैतानाच्या त्या श्वापदाची खूण घेणार तू? ती घेईल तो देवाला मुकला, असं शास्त्रात सांगितलंय, विसरलीस?"

"शास्त्रात उजवा हात आहे. शाई डाव्याला लावतात." तिनं कंद पातेल्यात टाकला. "तुम्हीच वाचून दाखवलंत. मी नीट ऐकते, तुमच्या मनासेसारखी डुलक्या घेत नाही."

मनासे म्हणजे मंडळीतला दुसऱ्या नंबरचा माणूस. नियमांच्या बाबतीत मात्र पहिला.

"आपलं नागरिकत्व वरचं आहे," कालोरिब म्हणाला. हे वाक्य तो इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलला होता की ते आपोआपच तोंडातून आलं.

"असेल. पण मेरलीनची बोट खालच्या समुद्रावर होती."

कालोरिबनं जाळं पुन्हा पुढ्यात ओढलं.

गावातला दवाखाना दोन वर्षं बंद होता. परिचारिका बदलून गेली, दुसरी आली नाही, आणि कुलपावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं. गेल्या वर्षी जुलैत मंडळीतल्याच मेरलीनला दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या. तिला बोटीत घालून शेजारच्या बेटावर न्यायला निघाले. वारा उलटा. लेपाकोआ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पोर भर समुद्रात जन्मलं, दोनदा रडलं आणि गप्प झालं. घाईत निघताना लेपाकोआनं हाताला लागेल ते कापड उचललं होतं. ते मेजावर पावाखाली अंथरायचं पांढरं कापड होतं. त्यातच गुंडाळून त्या तान्हीला पुरलं.

"अहो, दर रविवारी तुम्ही उभे राहता," लेपाकोआ आता हळू आवाजात म्हणाली, "आणि राज्य करणाऱ्यांना सुबुद्धी दे म्हणून प्रार्थना करता. मीही आमेन म्हणते. पण त्यांना निवडायची वेळ आली की आपण दार लावून घरात. म्हणजे स्वैपाक दुसऱ्यानं करायचा, आणि मीठ कमी पडलं म्हणून देवाकडे चुगली आपण करायची!"

"त्या भानगडीत माणसं माणसांपासून तुटतात, लेपा. मी पाहिलंय ते."

"मला ठाऊक आहे तुम्ही काय पाहिलंय. मी तरीही जाणार."

*

गुरुवारी कालोरिब प्रार्थनाघराच्या ओसरीवर बसून राहिला. काम काही नव्हतं. तिथून शाळेची वाट दिसते, एवढंच. लेपाकोआ रविवारचा फुलाफुलांचा ढगळ झगा घालून निघाली होती. मागून मेरलीन आली आणि तिचा हात धरून चालू लागली. मग आणखी दोघी. मग मेरलीनचा नवरा, ओसरीकडे न बघता, मान खाली घालून. कालोरिबनं नको नको म्हणत मोजले. अकरा.

लेपाकोआ परतली तेव्हा तिचा अंगठा नखापर्यंत जांभळा-काळा झाला होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. सगळ्या उमेदवारांच्या फोटोंच्या चिठ्ठ्या देतात. एक पाकिटात घालायची, बाकीच्या टाकून द्यायच्या. टाकताना वाईट वाटलं हो. एक बिचारा इतकं छान हसत होता."

"कोणाला दिलंस?"

"ते मी जाणे आणि देव जाणे." ती चुलीकडे वळली, आणि मग मागे न बघताच म्हणाली, "रविवारी मी मागच्या बाकावर बसेन. तुम्हाला माझ्यामुळे खाली बघायला लागायचं नाही."

तिनं भांडण केलं असतं तर कालोरिबला सोपं गेलं असतं. बावन्न वर्षं ती त्याच्याबरोबर त्या पावातला घास घेत होती. तिनं न घेतलेला पाव आपल्या घशाखाली उतरेल का, हे त्याला कळेना. संध्याकाळी मनासे येऊन गेला. "काका, घरातलं माणूस म्हणून सूट नको हं," म्हणाला. कालोरिब म्हणाला, "सूट कोणी मागितलीय?" आणि त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

*

शनिवार हा पाव भाजायचा दिवस. शाईच्या हातानं पावाला शिवायचं नाही, म्हणून लेपाकोआ उंबऱ्यात हात मांडीवर ठेवून बसली.

"मनासेच्या बायकोला सांगा," ती म्हणाली.

"तिच्या पावानं गेल्या नाताळात माझा दात हलला होता. मीच करतो."

"तुम्ही?"

"का? मला हात नाहीत?"

आहेत, पण ते कधी पिठात गेले नव्हते. त्यानं डबा उघडला, आणि पीठ परातीत कमी आणि दाढीवर जास्त पडलं. लेपाकोआनं हसू दाबलं.

"पाणी कमी घाला. कमी म्हटलं ना! आता मळा. अहो, मासा धरल्यासारखं काय धरताय, निसटून जाणार आहे का ते? मनगटानं दाबा."

"तू गप्प बस जरा."

"बसते. मग उद्या मंडळी त्या पावानं खिळे ठोकतील."

तो मळत राहिला. ऊन परसातल्या भट्टीवर आलं. दोनदा लेपाकोआचे हात नकळत पुढे आले आणि दोन्ही वेळा तिनं ते मागे घेतले. कालोरिबनं ते पाहिलं. आपल्याच भट्टीसमोर ती परक्यासारखी बसली होती, आणि तिला तसं बसवलं होतं त्यानं.

गोळा फुगून आला तेव्हा ती म्हणाली, "आता मधोमध अंगठा दाबा. खोल. तिथूनच तो उद्या मोडायचा असतो."

कालोरिबनं अंगठा पिठावर टेकवला आणि तो तसाच थांबला.

हा खळगा पहिल्यांदा त्याच्या आईनं केला होता. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी गावात दोन पक्ष झाले. बाप एकीकडे, धाकटा काका दुसरीकडे. काकाच्या नावेला कोणीतरी भोकं पाडली, मंडळीत दोन मेजं लागली, सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांच्या सावलीला उभे राहिले नाहीत. शेवटी दोघं दमले. ज्या रविवारी ते पुन्हा एका मेजाशी बसले, त्या रविवारच्या पावावर आईनं बरोबर मध्ये अंगठा दाबला. दोन अर्धे सारखे व्हावेत, माझा तुकडा लहान असं कोणी म्हणू नये, म्हणून. त्याच दिवशी बापानं नियम केला, की आपल्यात कोणी मत द्यायचं नाही. खुणेची गोष्ट, श्वापदाची गोष्ट, हे सगळं मागाहून चिकटलं. बापाला एवढंच हवं होतं की सगळ्यांनी एका पावातलं खावं.

"काय झालं?" लेपाकोआनं विचारलं. "दाबा ना."

"दाबतो," तो म्हणाला. आणि त्यानं अंगठा खोल रुतवला.

*

रविवारी मेजावर जो पाव आला तो एका बाजूला बसलेला, दुसऱ्या बाजूला करपलेला होता. पुढच्या बाकांवर मोठमोठ्या फटी पडल्या होत्या. मागच्या एका बाकावर अकरा जण दाटीवाटीनं बसले होते. त्यांच्यात कडेला लेपाकोआ, डावा अंगठा मुठीत दडवून.

गाणं झालं. कालोरिबनं नव्या कापडावरचा पाव उचलला. इतक्या वर्षांत तो मोडून पहिला तुकडा पुढच्या बाकाला जात असे. आज तो अख्खा पाव घेऊन मधल्या वाटेनं मागे चालू लागला.

"काका," मनासे उठला, "नियम आहे."

"आहे," कालोरिब थांबला. "माझ्या बापानं केला. पाव एक राहावा म्हणून केला होता, मनासे. आज त्याच नियमानं पावाचे दोन भाग पडलेत. मग मी नियम धरू की पाव?"

"पण शाई..."

"शाई बघितली मी. मेरलीनचं लेकरू पुरलं तेव्हा आपण सगळे रडलो. रडून घरी गेलो. ही अकरा माणसं घरी बसली नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा." त्याचा दांडगा आवाज आता खरखरत होता. "भांडणाला मी भ्यालो, आणि भीतीला भक्ती म्हणत राहिलो. पुढच्या वेळी कोणाला मत द्यायचं ते मी कोणाला सांगणार नाही. तुम्हीही मला विचारू नका. पण कार्ड मी काढणार. कोणाची मतं कशीही पडोत, मेज एकच राहील. ते सांभाळणं माझं काम. बस आता."

मनासे लगेच बसला नाही. बऱ्याच वेळानं बसला, पण मान फिरवूनच.

मागचा बाक मुळातच अरुंद. कालोरिब कडेला येऊन उभा राहिला तेव्हा लेपाकोआ खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, पुढे जा ना. लोक बघताहेत."

"बघू देत. सरक जरा."

ती सरकली. दुसऱ्या टोकाला मेरलीनचा नवरा जवळजवळ खाली पडला आणि कोणीतरी फिसकन हसलं. कालोरिब बायकोशेजारी टेकला. त्यानं खळग्यात अंगठा घालून पाव मोडला. दोन अर्धे काही सारखे झाले नाहीत. मोठा त्यानं मेरलीनकडे दिला, पुढे सगळ्यांना वाटायला.

मग आपल्याकडच्या अर्ध्यातून एक तुकडा तोडला. लेपाकोआनं उजवा हात पुढे केला.

"तो नाही," कालोरिब म्हणाला. त्यानं तिची डावी मूठ आपल्या हातात घेतली, एकेक बोट सोडवलं, आणि त्या काळ्या अंगठ्याशी पावाचा तुकडा ठेवला.

तिनं तो खाल्ला. चावायला तिला बराच वेळ लागला.

"कच्चा राहिलाय," ती डोळे पुसत म्हणाली.

"पुढच्या शनिवारी तू कर," कालोरिब म्हणाला.