संडासासमोरची बाज

धुरपताबाईंचं पोट साफ होऊन सहा दिवस लोटले होते आणि ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. डोकं दुखतं म्हणून माणूस बिनधास्त सांगतो. गुडघा तर त्या आल्यागेल्याला दाखवीत. पण हे दुखणं मेलं असं चोरटं, की आतल्या आत फुगत बसायचं आणि वाढलेलं ताट सरकवून म्हणायचं, मला भूक न्हाई.

तांड्यावर असं कधी झालं नव्हतं. तिथं बाया पहाटे ओढ्याकडं जायच्या आणि पुरुष वरच्या माळाकडं. दिशा वेगळ्या, वेळा वेगळ्या. शेजारची जमनाबाई हाक मारायची, दोघी टमरेल घेऊन निघायच्या आणि परत येईस्तोवर साऱ्या तांड्याची खबर बोलून व्हायची. त्यात मौज होती तशी आफतही होती. पावसाळ्यात चिखल, पायाखाली काय येईल त्याचा नेम नाही, आणि शेवटी तर गुडघ्यांनी उकिडवं बसायला साफ नकार दिला. म्हणून गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलानं, विकासनं, घरदार उचलून वारंगा फाट्यावर आणलं.

फाट्यावर विकासचं पंक्चरचं दुकान होतं. मागं तीन खोल्या, ओसरी, अंगणात एक लिंब आणि कोपऱ्यात नवाकोरा संडास. आईच्या गुडघ्यांसाठी विकासनं त्यात खुर्चीसारखा कमोड बसवला होता आणि घरी आलेल्या पाहुण्याला तो नवा ट्रॅक्टर दाखवावा तसा दार उघडून दाखवायचा. पोरगं गुणाचं, त्यात वाद नाही. चूक एवढीच झाली, की दाराचं तोंड त्यानं लिंबाकडं ठेवलं. होळी झाली, ऊन तापलं, आणि ओसरीतली बाज लिंबाखाली आली. त्या बाजेवर दिवसरात्र रामसिंग असत.

रामसिंग हे धुरपताबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढं पदर खाली ओढायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही, ते येतील ती वाट सोडून उभं राहायचं, ही रीत. सतराव्या वर्षी लग्न होऊन आल्यापासून धुरपताबाईंनी ती पाळली. रामसिंगही काही कमी नव्हते. आत येण्याआधी खाकरायचे, आणि भावजयीला निरोप द्यायचा तर दारातल्या शेळीला द्यायचे. "शेळे, घरात सांग, मी बाजाराला चाललो." शेळी पाला चघळत राहायची आणि निरोप बराबर पोचायचा. शेळ्या बदलल्या, रीत बदलली नाही. एक्कावन्न वर्षं झाली.

त्या वर्षांत काय काय होऊन गेलं. धुरपताबाईंचा नवरा देवाघरी गेला तेव्हा विकास चार वर्षांचा होता. रामसिंगांची बायको त्याआधीच वारलेली. लोकांनी लाख सांगितलं, पण त्यांनी दुसरं घर केलं नाही. दोन्ही वावरं एकट्यानं ओढली, पुतण्याला खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं, आणि पोरगं तापानं फणफणलं तेव्हा आखाडा बाळापूरपर्यंत चालत नेलं. धुरपताबाईंच्या मनात त्याची फार मोठी जाणीव होती. रोज भाकरी थापताना त्यांना वाटायचं, या माणसाला एकदा तरी सांगावं. पण सांगायचं तर बोलावं लागतं, आणि बोलायचीच तर बंदी.

आता अशा माणसाच्या डोळ्यांदेखत डबा घेऊन त्या दारात शिरायचं, हे त्यांच्या जिवावर येई. पहाटे पाचला उठून पाहावं तर रामसिंग बाजेवर बसलेले. साडेचारला उठून पाहिलं तरी बसलेले. हा म्हातारा झोपतो कधी, असं त्यांच्या मनात आलं आणि असं मनात आणल्याबद्दल त्यांनी स्वतःच्याच गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या. चहा पोटात गेला की कळ यायची. त्या उंबऱ्यापर्यंत जायच्या, पांढरा फेटा दिसायचा, मग शेळीलाच बघायला आल्यासारखं करून माघारी वळायच्या. कळ थोडा वेळ वाट बघायची आणि निघून जायची. मग त्यांनी पाणी कमी केलं. मग जेवण कमी केलं. इसबगोल आणवून दोन घोट पाण्यावर गिळलं, तर ते आत जाऊन वीट होऊन बसलं.

त्यातून घरात भलतंच सुरू झालं. सून संगिता ज्वारीची भाकरी करी, अंबाडीची भाजी करी, आणि ताट जसंच्या तसं परत येई. "मीठ कमी झालं का, याडी?" ती विचारी. याडी म्हणजे आई, घरात दोघंही त्यांना तसंच म्हणत. धुरपताबाई मान हलवीत. एका रात्री विकास बायकोवर चिडला, "म्हातारं माणूस उपाशी उठून राहिलं ताटावरून. तुझं लक्ष आहे कुठं?" भांडी घासताना संगिताचं नाक ओढणं धुरपताबाईंना ऐकू आलं. आपल्या पोटापायी लेकराच्या संसारात खडा पडला, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"मला तांड्यावर नेऊन सोड," सकाळी त्या विकासला म्हणाल्या.

"तिथं काय हाये आता? छप्पर बसलं अर्धं. गुडघे कोण सांभाळंल?"

"जमनाबाई हाये. रविवारी सोड."

विकासनं खूप समजावलं, पण त्यांनी गाठोडं बांधायला घेतलं. काय दुखतं ते सांगत नव्हत्या आणि राहायलाही तयार नव्हत्या.

शुक्रवारी संगितानं त्यांना बळेच ऑटोत घालून बाळापूरला डॉक्टर अमृतरावांकडे नेलं. अमृतराव जुने डॉक्टर. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त पडतं का, उलटी होते का, वजन उतरलं का, सगळं विचारलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "कळ येते का?"

"येते."

"मग?"

"जाते."

"काहून जाते?"

धुरपताबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या.

"आलेल्या कळीला परत पाठवू नका," डॉक्टर म्हणाले. "दोन-चारदा पाठवलं की ती यायचंच सोडते. या वयात आतडी आधीच सुस्त, त्यात तुम्ही पाणी तोडलं. इसबगोल पाण्यात फुगतं, पाणी नाही दिलं तर आतच घट्ट होतं. ते मोठ्या गिलासभर पाण्यात घ्यायचं, वरून आणखी एक गिलास. सकाळी उठल्याउठल्या कोमट पाणी. आणि कमोडवर बसाल तेव्हा पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, म्हणजे ओढ्यावर बसल्यासारखं बसणं होईल." गुडघ्यासाठी चालू असलेल्या गोळ्यांतली पोट धरणारी एक त्यांनी बदलून दिली आणि सांगितलं, "दोन दिवसांत नाही झालं तर परत या. लाजू नका. माझ्याकडे येणारी निम्मी म्हातारी माणसं याच दुखण्याची असतात."

परतीच्या ऑटोत मागं दोघीच होत्या. संगितानं सासूचा हात हातात घेतला आणि विचारलं, "याडी, काहून परत पाठवता हो कळीला?"

धुरपताबाईंनी पदर तोंडाला लावला. डोंगरकडा गाव मागं पडलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "ते बसलेले असतात."

"कोण?"

"ते. लिंबाखाली."

संगिताला आधी उमगलं नाही, आणि उमगलं तेव्हा तिला हसू आणि रडू एकदमच आलं. आपल्या भाकरीत खोट नव्हती, हे कळून तिला इतकं हलकं वाटलं, की तिनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं.

घरी आल्यावर ती सरळ लिंबाखाली गेली. ती या काळातली सून, चुलत सासऱ्याशी बोलायची. "मोठे बापू, तुमची बाज पुन्हा ओसरीत घेऊ का? याडीला बाहेर यायला तकलीफ होऊन राहिली. तुमच्या देखत संडासला कसं जावं, म्हणतात. आज सहा दिवस झाले."

रामसिंगांनी मान खाली घातली. काठीनं जमीन उकरली. "बाई, मी काय हौसेनं बसतो व्हय," ते म्हणाले. "मी पहाटं चारला उठून कळीची वाट बघतो. तेवढ्यात त्या उंबऱ्यात येतात. भावजय समोर उभी, न मी डबा घेऊन कसा उठू? म्हटलं, पहिलं त्यांचं होऊ द्यावं. त्या शेळीला बघतात न जातात. मग मी बसून राहतो. मलाबी आज पाचवा दिवस हाये."

संगिता मटकन बाजेच्या कडेला बसली. दोन म्हातारी माणसं एकमेकांची अब्रू राखता राखता एकमेकांचं पोट बांधून बसली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं पाण्याचं, पाटाचं, सगळं तिनं त्यांना सांगितलं. रामसिंगांनी ऐकून घेतलं आणि काठी टेकत दुकानाकडं गेले. त्या दिवशी दुकानातून करवतीचा आवाज बराच वेळ येत होता.

शनिवारी पहाटे संगितानं सासूला दोन गिलास कोमट पाणी दिलं. धुरपताबाई जीव मुठीत धरून उंबऱ्यात आल्या. बाज नव्हती. रामसिंग फाट्यावरच्या हॉटेलाकडं निघून गेले होते. त्या आत गेल्या आणि थबकल्या.

कमोडसमोर एक लाकडी पाट होता. सामानाच्या खोक्याच्या फळ्यांचा, बराबर वीतभर उंच. पायाला कुसळ लागू नये म्हणून कडा घासून घासून गुळगुळीत केलेल्या, आणि ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून चारी पायांना जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे ठोकलेले. खिळे टोकाशी वाकवलेले होते. असे खिळे तांड्यावर एकच माणूस ठोकायचा. बाजेला, पाळण्याला, विकासच्या पहिल्या पाटीला. धुरपताबाईंना ते ओळखायला काही वेळ लागला नाही. त्यांनी पाटावर पाय ठेवले आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्या दिवशी काही झालं नाही. पण त्या घाईनं उठल्या नाहीत, आणि दिवसभर पाणी प्यायल्या, रात्री अर्धी भाकरी खाल्ली. रविवार उजाडला. गाठोडं कोपऱ्यात बांधलेलं, विकास गाडी पुसून तयार. चहाच्या आधीच कळ आली. धुरपताबाई उठल्या आणि या वेळी त्यांनी तिला परत पाठवलं नाही.

पुढचं सांगण्यासारखं नाही आणि सांगायची गरजही नाही. अर्ध्या तासानं दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा बाळंतपणातून सुटलेल्या बाईसारखा होता. अंग हलकं, डोळ्यांपुढचं जग स्वच्छ. सेवालाल महाराजांचं नाव घेत त्यांनी हात धुतले आणि संगिताला म्हणाल्या, "दोन भाकरी टाक. अंबाडी हाये ना कालची?"

संगिताचा तवा त्या घरात इतक्या आनंदानं कधी चुलीवर चढला नसेल. विकासनं न विचारता गाठोडं सोडायला घेतलं.

तेवढ्यात फाटकापाशी कुणीतरी खाकरलं. रामसिंग हॉटेलवरून परतले होते. ते लिंबापाशी उभे राहिले, घराकडं पाठ करून, आणि शेळीला म्हणाले, "शेळे, बरं हाये का आता घरात?"

धुरपताबाई उंबऱ्यात होत्या. सवयीनं त्यांनी पदर ओढला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी शेळीची दोरी हातात घेतली आणि एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज रामसिंगांच्या कानावर पडेल अशा त्या बोलल्या.

"शेळे, सांग त्यांना, झालं. लई बरं वाटलं. पाट तिथंच हाये, आता त्यांनी जावं. कुणी बघत न्हाई." त्या थांबल्या. मग दोरी हाताला गुंडाळीत म्हणाल्या, "न् हेबी सांग. माझं पोरगं त्यांनी खांद्यावर वाढवलं. मला सांगायचं राहून गेलं होतं. त्यांच्यामुळं आमी उभे हाव."

विकास गाठोड्याची गाठ हातात धरून तसाच राहिला.  रामसिंगांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

"शेळे," ते म्हणाले, "एवढं बोलायला आधी पोट साफ व्हावं लागलं व्हय त्यांचं."

पदराआड धुरपताबाई हसल्या, आवाज येईल एवढं हसल्या. आणि रामसिंग डबा भरून, भर उजेडात, सगळ्यांदेखत आत गेले.