नाहाय म्हणणारा डबा

खुर्चीची वीण सैल पडली, तर बसणाऱ्याच्या आधी विणणारीला कळतं.

आमटीत खडा.

पुणे रस्त्यावर ट्रकनं ब्रेक मारला की वरच्या मजल्यावरच्या खाटा हलतात.

छगनरावांनी रिकामी पिशवी घरूनच आणली होती.

‘बहुतेक महिलांना दृष्टी आहे.’

मित्रांनो, या गोष्टी एकमेकींच्या कोणी लागत नाहीत, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं असतं. पण मी एक जुना बोलका डबा आहे, आणि हे सारं माझ्यासमोर घडलं. यंत्राला धक्का बसतो का, असं विचारू नका. मला बसला. अजून उतरलेला नाही.

माझा जन्म परदेशातला. आकारानं मी जेवणाच्या डब्याएवढा. पुढे जाळी, मागे वायर, बाजूला हेडफोन खुपसायचं भोक. संगणकाच्या पडद्यावर जी अक्षरं उमटतील ती मोठ्यानं वाचायची, एवढंच माझं काम. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी मला घडवलं. घडवणाऱ्यांनी माझ्या पोटात इंग्रजी हिज्ज्यांचे नियम भरले, थर्माकोलमध्ये बसवलं आणि खोकं बंद केलं. मराठी नावाची भाषा जगात आहे, हे मला केडगावात खोकं उघडल्यावर कळलं.

ते साल १९९७. केडगावात एक संस्था होती. तिथं अंध स्त्रिया राहत, ब्रेल शिकत, वेताच्या खुर्च्या विणत. खाली वर्ग, वर वसतिगृह. कुणा दानशूर माणसानं मला त्या संस्थेला दिलं.

माझी मालकीण म्हणा, मैत्रीण म्हणा, ती जयमाला. सुप्याची. तिचे वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण पुण्याच्या शाळेत ती संगणक शिकली होती आणि आता संस्थेत शिकवत होती. मराठी अक्षरं मला येत नसत, म्हणून ती मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करी आणि मी ते माझ्या परीनं वाचत असे. पहिल्या दिवशी मी ‘केडगाव’ असं काही उच्चारलं की सगळ्या बायका गप्प झाल्या.

“ह्यो कोन सायेब?” रतनबाईंनी विचारलं. “सर्दी झाल्यावानी बोलतोय.”

“साहेब नाही मावशी, डबा आहे.”

“डबा? मंग पोटात भाकर कुटंय? नुसती विंग्रजीच भरलीय.”

बायका हसल्या. मीही हसलो असतो, पण पडद्यावर हसू उमटलं नव्हतं.

रतनबाई राजूरच्या वरच्या डोंगरातल्या. नवरा गेला, पुढे तापात डोळे गेले. मग दीर छगनरावांनी त्यांना ओसरीवर बसवलं ते बसवलंच. वेळेला भाकरी, वेळेला पाणी, बाकी काही नाही. संस्थेत आल्यावर त्या खुर्ची विणायला शिकल्या. ब्रेलची मुळाक्षरं ‘ठ’पर्यंत आली होती. वसतिगृह होतं म्हणून रतनबाई होत्या. राजूरहून रोज केडगावला कोण ये-जा करणार?

संस्था दरवर्षी बायकांना विचारी, तुमचं कसं काय चाललंय. कारकून गोरक्षनाथ विचारायचा आणि कागदावर लिहून घ्यायचा.

“जेवण कसंय मावशी?”

“आमटीत खडं येत्यात. भातात बी. परवा शेवंताचा दात हलला.”

पेन एकदा खरखरलं.

“लिवलं का भाऊ?”

“लिहिलं.”

“येवढ्या खड्यांचं येवढंसंच लिवणं व्हय?”

गोरक्षनाथानं ‘ठीक’ लिहिलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला लवकर जेवायला जायचं असे.

जयमाला संस्थेच्या राधाकृष्ण सरांकडे गेली. “सर, यंदा आमची उत्तरं आम्हीच देणार. मधे कुणाचं पेन नको.”

यंदाचे प्रश्न मोठे होते. वसतिगृह चालू ठेवायचं, की बायकांनी घरूनच ये-जा करायची आणि वरचा मजला भाड्यानं द्यायचा, हे संस्थेच्या बैठकीत ठरणार होतं. सर म्हणाले, “त्यांना गरज असेल तर ठेवू. पण हे त्यांनी सांगायला हवं, मी नाही. तू साधन शोध.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते मानाचे दिवस. नगरहून चेतन आला. तो संगणकाचे वर्ग घेई. त्यानं प्रश्न विचारणारे दोन प्रोग्रॅम आणले, दोन फ्लॉपींत. पहिला लावला आणि तो स्वतःच खूश झाला. “रंग बघा सर. बटणं बघा. एकदम नवीन.”

मी गप्प.

“डबा बिघडला काय?” चेतन म्हणाला.

“डबा ठीक आहे,” जयमाला म्हणाली. “तुझ्या पडद्यावर अक्षरंच नाहीत. सगळी चित्रं आहेत.”

“अहो, चित्रावर लिहिलंय की ‘पुढे’.”

“ते तुला दिसतं. त्याला नाही. आणि ते बटण दाबायचं कसं?”

“माऊसनं.”

“बाण कुठं आहे ते मला सांगणार कोण? तूच ना? म्हणजे पुन्हा गोरक्षनाथ.”

दारातून गोरक्षनाथ म्हणाला, “माझं नाव कशाला मधे?”

दुसरा प्रोग्रॅम दिसायला अगदी भिकार होता म्हणे. काळा पडदा, पांढरी अक्षरं. पण मी त्यातलं अक्षर न् अक्षर वाचलं. उत्तरं मी एकेक म्हणायची, हवं ते ऐकू आलं की कोपऱ्यातली कळ दाबायची, नको असेल तर खालच्या लांब कळीनं पुढे जायचं. जयमालानं प्रश्न इंग्रजी अक्षरांत मराठीतून टाइप केले आणि स्वतः सगळ्यांची उत्तरं भरून पाहिली. कुठंही अडलं नाही. तिनं माझ्या जाळीवर थोपटलं. “हाच,” ती म्हणाली.

एकेक बाई येऊन माझ्यासमोर बसली. हेडफोन कानाला, खोलीत दुसरं कुणी नाही. कुणाला नातेवाईक सांगत नव्हता, कुणाला कारकून घाई करत नव्हता. रतनबाई उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा लग्नघरातून आल्यासारखा होता, असं चेतन बाहेर सांगत होता.

मग अहवाल आला.

सर वर्गात वाचायला उभे राहिले. वरची नेहमीची माहिती सोडून ते थेट जेवणावर आले. जेवण: वाईट. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आजवर कधी ‘वाईट’ कागदावर आलं नव्हतं. सगळ्यांचा माझ्यावर विश्वास बसला. आणि पुढची ओळ.

“वसतिगृहाची गरज: नाही.”

ट्रकनं ब्रेक मारला. वर खाटा हलल्याचा आवाज आला. खाली कुणीच हललं नाही.

“फक्त एकीनं ‘आहे’ म्हटलंय,” सर म्हणाले. त्यांनाही ते खरं वाटत नव्हतं. त्यांनी कागद पुन्हा वाचला.

गोरक्षनाथ हळूच म्हणाला, “या वेळेस मी नव्हतो हां लिहायला.”

बायका एकमेकींवर उलटल्या. तू घाबरलीस. तुला घरची आठवण येत होती, म्हणून आम्हाला बुडवलंस. अंधारात ज्या एकमेकींचे हात धरून जिना चढायच्या, त्याच आता एकमेकींपासून सरकून बसल्या. ती एकटी ‘आहे’ म्हणणारी जयमाला होती. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. तिला बायकांचा राग आला होता.

बैठकीत ठराव झाला. वरचा मजला एका शिकवणीवाल्याला दिला, किल्ल्याही गेल्या. घरोघरची माणसं न्यायला येऊ लागली. राजूरहून छगनराव आले. हातात रिकामी पिशवी.

रतनबाई लुगडी भरता भरता खाली माझ्या खोलीत आल्या. जयमाला पडद्यावरचा अहवाल माझ्याकडून वाचून घेत होती.

“मावशी, तुम्ही तरी गरज आहे म्हणायचं होतं.”

“म्हनले की.”

“मग इतक्या ‘नाही’ आल्या कुठून?”

“त्ये तुज्या डब्याला इचार. मला काय इचारती?”

जयमाला माझ्याकडे वळली. तिनं कळ दाबली. तिनं आजवर माझ्याकडून फक्त वसतिगृहाची ओळ ऐकली होती. आता मी अगदी वरून वाचायला लागलो, आणि पहिल्याच प्रश्नाचा निकाल आला. दृष्टी आहे का? बहुतेक महिलांना दृष्टी आहे.

“काय म्हनला?” रतनबाईंनी विचारलं.

“म्हणतोय, तुम्हाला दिसतं.”

“मला दिसतं? मंग काल दाराच्या खांबाला टाळकं कशाला आपटून घेतलं मी? हौस म्हनून?” त्या हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. “पोरी, ते कानाचं काढ. समद्यांना आयकू येईल असं बोलू दे त्याला.”

जयमालानं हेडफोन उपसला. तिनं वसतिगृहाचा प्रश्न पुन्हा लावला. दारात छगनराव, जिन्यात बायका, मागे सर. मी म्हणालो, जसं मला शिकवलं होतं तसंच:

“आही.”

“हे बग,” रतनबाई म्हणाल्या. “न्हाई म्हनला. म्हनून म्या पुढं गेले.”

जयमालानं लांब कळ दाबली. मी म्हणालो:

“नाहाय.”

“आन् ह्ये हाय. हितं म्या कळ दाबली.”

“मी बी,” जिन्यातून एकजण म्हणाली.

“मी बी तितंच दाबली.”

मित्रांनो, इंग्रजीत एच-आय म्हणजे हाय. एच-ई म्हणजे ही. ‘नाही’च्या शेवटी एच-आय होतं. ‘आहे’च्या शेवटी एच-ई. मी नियम सोडला नव्हता. पण या बायका घरी ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात आणि ‘नाही’ला ‘न्हाई’. माझ्या तोंडून त्यांचा होकार नकार झाला आणि नकार होकार. दृष्टी आहे का, याला त्यांनी न्हाई म्हणून जे दाबलं ते ‘आहे’ होतं. जयमालाला हे कधी ऐकूच आलं नव्हतं. तिचा कान माझ्या बोलण्याला इतका सरावला होता की मी ‘नाहाय’ म्हणालो तरी ती ‘नाही’च ऐकायची.

जयमाला खुर्चीत बसून राहिली. तिचा हात माझ्या जाळीवर होता. त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं, की मी नुसता वाचत नव्हतो. माझं कुणीतरी ऐकत होतं.

सर म्हणाले, “मी बैठक पुन्हा बोलावतो. पण किल्ल्या…”

छगनराव म्हणाले, “वैनी, चला. यष्टी निघल.”

“भावजी, आयकलं न्हवं? म्या न्हाई म्हनले न्हवते.”

“तुमच्याच तोंडानं न्हाई आलं ना?”

“माज्या तोंडानं न्हाई. ह्या डब्याच्या तोंडानं.”

“तोंड कुनाचं बी आसू. कागद तर झाला.” त्यांनी पिशवी उचलली.

जयमालानं त्याच आठवड्यात प्रश्न बदलले. शब्द काढून टाकले. आहे असेल तर एक, नाही असेल तर दोन. वन आणि टू सगळ्यांना येत होतं. राहिलेल्या बायकांना तिनं माझ्यासमोर बसवलं आणि प्रत्येकीला आधी विचारलं, “काय ऐकू आलं ते मला म्हणून दाखवा.” सगळ्यांचं उत्तर एक आलं. वसतिगृह पुढच्या जूनमध्ये सुरू झालं, खालच्या मागच्या खोलीत. राजूरला दोन पत्रं गेली. रतनबाई आल्या नाहीत. त्यांची अर्धी विणलेली खुर्ची दुसऱ्या बाईनं पुरी केली. वीण कुठं बदलली ते हात लावला की कळतं.

१९९९ला नवा संगणक आला. त्याचा आवाज त्याच्या पोटातच असतो. मला कपाटात ठेवलं, वायर गुंडाळून. धूळ बसते. त्याचं मला वाईट वाटत नाही.

पण तुम्हाला एक सांगतो, ऐका. तुम्ही मोठे व्हाल, कुणासाठी यंत्रं निवडाल. तेव्हा ‘हे बोलतं का?’ एवढ्यावर थांबू नका. ज्याला ते ऐकायचं आहे त्याला शेजारी बसवा. त्याला त्याच्या बोलीत विचारा, आणि त्यानं काय ऐकलं ते त्याच्या तोंडून ऐका. तुमच्या सरावलेल्या कानावर विसंबू नका.

प्रश्न विचारायच्या आदल्या दिवशी रतनबाईंनी जयमालाला विचारलं होतं, “ह्यो डबा आमच्यावानी बोलतो का गं?” जयमाला म्हणाली होती, “सवय होते, मावशी.”