हार घातला म्हणजे ड्रोन उडत नाही

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे आणि माझं डोकं तापलेलं आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा.

नाशिकच्या एका शेडमध्ये तृप्तीताईंनी मला जोडलं. मला अंटार्क्टिकाच्या बर्फावर जायचं होतं. तेवढी थंडी नाशकात आणायची कुठून? ताईंनी मला मटार गोठवायच्या शीतगृहात नेलं. उडालो आणि धाडकन पडलो. गारठ्यानं बॅटरीच बसली. तिथला हमाल भिमाजी फिदीफिदी हसला, "ताई, याला स्वेटर घाला!" ताईंनी खरंच घोंगडीचा तुकडा कापून बॅटरीभोवती शिवला. मग टिकलो.

तिथं बर्फावर नांदगावचा धनराज मोहिमेची गाडी चालवायचा. मी पुढं उडून रस्ता तपासायचो. एकदा सपाट, पांढऱ्याशुभ्र बर्फात मला बारीक निळसर रेघ दिसली. धनराजनं पडद्यावर ती पाहिली आणि करकचून ब्रेक दाबला. काठी टोचली तर खाली विहिरीएवढी भेग! गडी कितीतरी वेळ मला छातीशी धरून बसला होता.

परतल्यावर सत्कार झाला. आणि नंतर? शेडचे मालक राकेशशेठ मला भाड्यानं देऊ लागले. नवरदेवावर नाहीतर पुढाऱ्यावर झेंडूच्या पाकळ्या ओतायच्या. माझ्या पंख्यांत पाकळ्यांचा लगदा साचलाय, कोणी पुसत नाही. तेही सोसलं असतं.

पण धनराज पुन्हा बर्फावर निघालाय, आणि त्याच्यासोबत जाणारा नवा ड्रोन शेठनं तसाच खोक्यात भरला.

"शेठ, याला शीतगृहात उडवलं नाही अजून," ताई म्हणाल्या.

"थंडीत चालतो असं खोक्यावर छापलंय की! कशाला मटारात मिरवायचं?"

"गाडीत खोकं बसणार नाही, धनराजदादा बसणारेत."

शेठनं खोक्याला हार घातला, नारळ फोडला आणि पेढे वाटले.

नारळानं बॅटरी गरम होते का हो, शेठ?

ते गेल्यावर ताईंनी हार ओरबाडून काढला. आम्हा दोघांना स्कूटरवर घालून शीतगृह गाठलं. आधी मी उडालो. लगद्यासकट, पण उडालो. मग नवा उडाला आणि धाडकन पडला.

या वेळी भिमाजी हसला नाही. त्यानं अंगावरची घोंगडी काढून ताईंपुढं धरली. म्हणाला, "कापा."

मित्रांनो, यंत्रांची पूजा खुशाल करा. पण आधी ती तपासा. त्यांच्या भरवशावर कुणाचा तरी धनराज निघालेला असतो.